फोन कोणाच्या हातात: नोकरी सांभाळून शिकण्याच्या एका प्रयत्नाचा प्रकरण अभ्यास

विक्रोळीतील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत पाच जणांचा एक डेटाबेस गट आहे. एका वित्तसंस्थेचे डेटाबेस दिवसरात्र चालू ठेवणे हे त्याचे काम. या गटाचा प्रमुख मी असल्याने पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या आहेत, हे आधीच नोंदवलेले बरे. प्रकरण ज्यांचे आहे त्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ प्रशासक: वय एक्केचाळीस, ओरॅकल या डेटाबेस प्रणालीवरील अनुभव तेरा वर्षांचा, राहणे डोंबिवली पूर्वेला, मुलगा दहावीत. गटात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

मार्चअखेरीस वित्तसंस्थेने कळवले की, परवान्यांवरचा खर्च कमी करण्यासाठी तिची दोन अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन्स ओरॅकलवरून पोस्टग्रेस या मोफत डेटाबेस प्रणालीवर न्यायची आहेत. पहिले दिवाळीनंतर हलवायचे होते आणि दुसरे पुढच्या आर्थिक वर्षात. मुख्य व्यवहारांचा डेटाबेस ओरॅकलवरच राहणार होता. म्हणजे जुने काम तसूभरही कमी होणार नव्हते आणि नवे शिकायला जेमतेम सात महिने हातात होते. पोस्टग्रेस आमच्यापैकी कोणालाच नीट येत नव्हते, मलाही नाही.

लांबून पाहणाऱ्याला यात फार काही अवघड वाटत नाही, कारण दोन्हीकडे टेबले आहेत, दोन्हीकडे एसक्यूएल हीच भाषा आहे आणि बॅकअप दोन्हींचे घ्यावे लागतात. खरी अडचण या सारखेपणातच आहे. नवखा माणूस कोऱ्या पाटीवर लिहायला बसतो. तेरा वर्षे ओरॅकलवर हात बसलेल्या माणसाचा हात मात्र जुन्या वळणाने आपोआप चालतो आणि चुकले हे कळायलाही वेळ लागतो. एखादी ओळ बदलली की ओरॅकल तिचे जुने रूप अनडू नावाच्या वेगळ्या जागेत बाजूला ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये ते जुने रूप त्याच टेबलात पडून राहते आणि व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया नंतर येऊन ते झाडून काढते. ओरॅकलच्या लेखी रिकामा मजकूर आणि नल, म्हणजे काहीच नोंद नसणे, एकच. पोस्टग्रेसच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. शिवाय पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाचच वर्षे आधार मिळतो, त्यामुळे एकदा शिकून पाट्या टाकण्याची सोयही नाही.

वेळ आहे, असे मला वाटत होते

कंपनीने वर्षभरासाठी व्हिडिओ अभ्यासक्रमांचे सदस्यत्व घेतले होते. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षात ४० तासांचे शिक्षण पूर्ण करावे असा नियम आहे आणि ते तास एचआरच्या पोर्टलवर आपोआप मोजले जातात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ताईंना मेल पाठवला की, पोस्टग्रेसचा अभ्यासक्रम तुमच्या नावावर लावला आहे, प्रवासात आणि शनिवार-रविवारी थोडा थोडा पाहून संपवा. तो मेल मी आज पुन्हा वाचतो तेव्हा त्यातला 'थोडा थोडा' हा शब्दप्रयोग मला विशेष खुपतो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. सकाळी डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल पकडायची आणि विक्रोळीला उतरायचे हा त्यांचा रोजचा क्रम. ठाण्यापर्यंतची साधारण पंचवीस मिनिटे उभ्यानेच जातात. महिलांच्या डब्यात चढल्या चढल्या बसलेल्यांना 'कुठे उतरणार?' असे विचारून ठाण्याला उतरणारी एखादी हेरून ठेवली, तर पुढची पंधराएक मिनिटे बसायला मिळते, नाहीतर तिघींच्या बाकावर कशीबशी चौथी सीट. एका कानात इअरफोन, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत त्यांनी अभ्यासक्रमाचा बराच भाग पाहिला. दहा आठवड्यांनी पोर्टलवर त्यांच्या नावापुढे ३१ तास जमा होते. मी तो आकडा साप्ताहिक अहवालात घातला आणि वरिष्ठांची शाबासकी स्वतः घेतली.

जूनच्या मध्यावर मी त्यांना एक साधी वाटणारी चाचणी दिली: कालच्या बॅकअपवरून डेटाबेस उभा करून एका ठरावीक मिनिटाच्या स्थितीला आणून दाखवायचा. ओरॅकलमध्ये हे काम त्या फोनवर बोलता बोलता करतात. त्या दुपारी जेवण झाल्यावर बसल्या आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत सर्व्हर सुरूच झाला नाही. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्यांनी रिकव्हरीच्या सूचना ज्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहिल्या होत्या, ती फाइलच २०१९ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून रद्द झाली आहे. त्या सूचना आता मुख्य कॉन्फिगरेशनमध्येच लिहितात, आणि जुन्या नावाची फाइल नुसती दिसली तरी सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. आमची आवृत्ती पंधरावी होती, व्हिडिओ त्याहून बराच जुना. सर्व्हर हे सारे लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, स्पष्ट सांगत होता, पण व्हिडिओतला माणूस बरोबर आहे हे मनात इतके पक्के बसले होते की लॉग नीट वाचलाच गेला नाही.

"सगळं बघितलंय हो," त्या म्हणाल्या, "हाताला काहीच लागलं नाहीये."

याच काळात त्यांनी आणखी दोन वाटा स्वतःहून चोखाळल्या होत्या, हे मला नंतर कळले. दादरला रविवारचा एक क्लास त्यांनी स्वतःच्या पैशाने लावला होता. सहापैकी तीन रविवार हुकले. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, आणि नेमक्या त्याच शनिवारी रात्री आमच्या चेंज विंडो, म्हणजे सर्व्हरवर बदल करण्याच्या ठरलेल्या वेळा, असतात, कारण संस्थेची कार्यालये तेव्हा बंद असतात. रात्रभर पॅचिंग करून रविवारी पहाटे घरी गेलेल्या माणसाने दहा वाजता दादरला हजर राहायचे, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. दुसरी वाट पहाटे पाच वाजता उठून अभ्यास करण्याची. ती दोन आठवडे चालली आणि रात्रीच्या एका बॅचनंतरच्या, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांनंतरच्या, सकाळी त्यांनी चाचणीच्या सर्व्हरऐवजी दुसऱ्याच सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली. सुदैवाने ती फक्त वाचणारी स्क्रिप्ट होती. पहाटेचा अभ्यास त्या दिवशी बंद झाला आणि तो बंद झाला हे योग्यच झाले.

तीन आठवड्यांची वही

या टप्प्यावर माझी पहिली प्रतिक्रिया वेळेचे नियोजन शिकवणाऱ्या एखाद्या कार्यशाळेला त्यांचे नाव देण्याची होती. ताईंनी ते शांतपणे नाकारले. त्यापेक्षा तीन आठवडे वेळ कुठे जातो ते लिहून दाखवते, असे त्या म्हणाल्या. मुलाच्या जुन्या रेघी वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी रोज तीनच गोष्टी लिहिल्या: कुठलेही काम अंगावर नसलेला वेळ कधी सुरू झाला, कधी संपला आणि कशामुळे संपला.

एकवीस दिवसांची ती पाने आम्ही दोघांनी एका दुपारी डबा खाताना पाहिली. नुसती बेरीज केली तर आठवड्याला जवळजवळ सात तास निघत होते आणि माझ्या 'थोडा थोडा' या सल्ल्याला तेवढे पुरेसे होते. पण तिसरा रकाना वाचत गेलो तसे चित्र पालटले. 'फोन', 'फोन', 'ग्रुपवर मेसेज', 'फोन, नंतर कळले की चुकून', 'आईंचे औषध', 'फोन'. पंचेचाळीस मिनिटांहून लांब, कोणीही न मोडलेला वेळ एकवीस दिवसांत चारदा मिळाला होता, आणि त्या चारही वेळी ऑनकॉल फोन दुसऱ्याकडे होता.

हा फोन म्हणजे कंपनीचा एक जुना हँडसेट आहे. एक कोपरा फुटलेला, आवाज कमाल पातळीवर ठेवलेला. करारानुसार गंभीर बिघाडाला पंधरा मिनिटांत प्रतिसाद द्यावा लागतो. ज्याच्याकडे तो असतो त्याचा डबा, त्याची झोप आणि त्याचे बोलणे फोनच्या शेजारी चालते. पूर्वी हे थोडे सुसह्य होते, कारण पैसे पाठवण्याच्या व्यवस्थाही रात्री झोपत असत. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू झाले. त्याआधी या दोन्ही सेवा ठरलेल्या वेळेत आणि कामाच्या दिवशीच चालत, आणि डेटाबेसवाल्यांना रात्रीचा एक मोकळा पट्टा मिळत असे. ग्राहकांची मोठी सोय झाली यात वाद नाही. आमच्या क्षेत्रातला शांत वेळ मात्र त्या दोन तारखांना संपला. ताई रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून शिकायला बसत, तेव्हा प्रत्यक्षात त्या कामावरच असत.

त्यात फोन वाजला नाही तरी तो वाजण्याची शक्यता पुरेशी ठरते. एका कामातून दुसऱ्यात जाताना आधीच्या कामाचा काही अंश लक्षात रेंगाळत राहतो आणि दुसरे काम त्याने पातळ होते, असे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले. अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या बाबतीत हे अधिक होते. ऑनकॉल फोन हे तर कधीच न संपणारे काम. म्हणून आमच्याकडे तुटवडा मिनिटांचा नव्हता. फोन धरायला दुसरा माणूस नव्हता, आणि तो माणूस उभा करणे हे ताईंच्या नव्हे तर माझ्या हातातले काम होते. हे ध्यानात यायला मला तीन महिने आणि एक रेघी वही लागली.

मंगळवार आणि गुरुवार, अकरा ते साडेबारा

जुलैच्या मध्यापासून रोस्टरमध्ये एक नवा रकाना आला. रजेसाठी 'र' आणि रात्रपाळीसाठी 'रा' लिहितो, तसा अभ्यासासाठी 'अ'. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अकरा ते साडेबारा ताईंच्या नावापुढे तो लिहिला गेला. सोमवारी शनिवार-रविवारच्या बदलांचे पडसाद उमटतात आणि शुक्रवारी पुढच्या बदलांच्या मंजुऱ्या असतात, म्हणून ते दोन दिवस वगळले. सकाळच्या तपासण्या साडेदहापर्यंत आटोपतात, म्हणून अकरा. जागा म्हणून मजल्याच्या टोकाची छोटी बैठक-खोली घेतली, कारण स्वतःच्या टेबलावर बसलेला ज्येष्ठ माणूस हा चालताबोलता मदतकक्ष असतो.

फोन त्या दीड तासापुरता गटातल्या धाकट्या सहकाऱ्याकडे, आणि त्याला अडले तर तो माझ्याकडे येणार. ही व्यवस्था संस्थेच्या संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवली. त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती आमच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठांनी: कामाच्या वेळेत आठवड्याला तीन तास शिकायला दिले तर त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे? प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर म्हणून मी जूनमधल्या त्या फसलेल्या चाचणीचा लॉग त्यांच्यापुढे ठेवला आणि हीच गोष्ट नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष सर्व्हरवर झाली तर प्रतिसादाच्या अटी मोडल्याचा दंड कोणाच्या नावावर फाडायचा, असे विचारले. तीन महिन्यांची मुदत मिळाली.

पहिला मंगळवार हास्यास्पद गेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी ताई खोलीबाहेर आल्या, ते फोनला चार्जिंग आहे की नाही हे पाहायला. त्यानंतर धाकट्याने पाच वेळा दार वाजवले. "ताई, फक्त एक मिनिट," असे म्हणून तो आत जाई आणि दहा मिनिटांनी बाहेर येई. दोष त्याचा नव्हता. मी चार वर्षे ओरॅकलला प्रत्यक्ष हात लावलेला नव्हता, हे त्याला माहीत होते आणि त्याने ते सौजन्याने झाकून घेतले होते. गुरुवारी मी त्याच्या शेजारची खुर्ची घेऊन बसलो. टेबलस्पेस, म्हणजे डेटा साठवायची जागा, भरत आल्याचा एक इशारा आला, तेव्हा आदेश मला आठवला नाही आणि आम्ही दोघांनी तो ताईंच्या जुन्या हँडओव्हर टिपणांतून शोधून काढला. अर्धा तास गेला. ताईंना विचारले असते तर दोन मिनिटे लागली असती. या अर्ध्या तासाची भीती वाटते म्हणूनच बहुतेक गटांत अशी व्यवस्था दोन आठवड्यांत मोडत असावी, असे माझे मत बनले आहे.

तिसऱ्या आठवड्यात दार वाजणे थांबले. धाकटा आता टिपणे आधी वाचू लागला होता आणि ज्या ठिकाणी ती अपुरी होती तिथे भर घालू लागला होता. ताईंच्या डोक्यात असलेले पण कागदावर कधीच न आलेले बरेच काही या निमित्ताने लिहिले गेले.

खोलीत काय घडत असे

व्हिडिओ पूर्ण बंद केले. एक जुना सर्व्हर प्रयोगासाठी मिळाला, त्यावर ताईंनी स्वतः पोस्टग्रेस बसवला आणि दर वेळी एकच छोटे काम हाती घेतले. हाताशी फक्त त्या आवृत्तीचे अधिकृत दस्तऐवज. बसल्यावर पहिली दहा मिनिटे मागच्या वेळचे काम, काहीही न पाहता, आठवणीने करायचे असा त्यांचा दंडक होता. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पाढे असेच पाठ केले, असे त्यांचे उत्तर. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमके हेच तपासले होते. पाच मिनिटांनी विचारले तर मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे असतात, पण आठवड्याने विचारले तर न पाहता आठवून काढणारे पुढे जातात. पोर्टलवरच्या ३१ तासांत ताईंना सगळे समजत होते आणि चाचणीच्या दिवशी त्यातले काही उरले नव्हते, त्याचे स्पष्टीकरण यात बहुतांशी येते.

लोकलचाही उपयोग बदलला. उभ्याने नवे काही डोक्यात घालण्याचा नाद त्यांनी सोडून दिला. आदल्या वेळच्या कामावरचे पाच-सहा प्रश्न त्या मोबाइलमध्ये लिहून ठेवत आणि कोपर ते मुंब्रा या टप्प्यात उत्तरे मनातल्या मनात म्हणून पाहत. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले होते. शिकल्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही उजळणी म्हणूनच कामी येते. यासाठी दोन्ही कान आणि दोन्ही हात मोकळे असण्याची गरज नसते, हा मुंबईत मोठाच गुण.

एका गुरुवारचे उदाहरण येथे सविस्तर द्यायला हवे. त्या दिवशीचे काम जूनमधलेच होते. ताईंनी अकरा वाजून पाच मिनिटांनी एक टेबल मुद्दाम उडवले आणि डेटाबेस अकरा वाजून चार मिनिटांच्या स्थितीला आणायचा ठरवला. बॅकअप उतरवला, लक्ष्यवेळ म्हणून ११:०४ लिहिली, सर्व्हर सुरू केला. त्याने बदलांच्या नोंदींचे सगळे लॉग वाचले आणि लक्ष्य गाठण्याआधीच रिकव्हरी संपल्याची तक्रार करून तो बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. जूनमध्ये याच ठिकाणी त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन पाहिला असता. या वेळी त्यांनी सर्व्हरचा लॉग वाचायला घेतला आणि ओळीच्या सुरुवातीच्या वेळेवर बोट ठेवून थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा होत आले होते आणि लॉगमध्ये सकाळचे सव्वासहा. प्रयोगाचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर होता. त्याच्या हिशेबी अकरा वाजून चार मिनिटे म्हणजे आपल्याकडचे दुपारचे चार चौतीस, जे अजून उगवायचेच होते. वेळेपुढे अधिक साडेपाच तास असा वेळक्षेत्राचा उल्लेख लिहिताच टेबल परत आले. उरलेली पंचवीस मिनिटे त्यांनी संस्थेचे नवे सर्व्हर कोणत्या वेळेवर लावलेले आहेत हे विचारणारा मेल लिहिण्यात घालवली. तीनपैकी एक यूटीसीवर निघाला.

दुसरे उदाहरण नावांचे. संस्थेच्या पत्रांवर ग्राहकाचे पूर्ण नाव छापताना पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडलेले होते. मधले नाव नसेल तर ओरॅकल ती जागा सोडून बाकीचे जोडतो. पोस्टग्रेसमध्ये जोडीतला एक घटक नल असला की सगळी जोडणीच नल होते. ज्यांनी मधले नाव दिलेले नव्हते त्यांचे अख्खे नाव पत्रावरून नाहीसे झाले असते, आणि कोणतीही चूक कुठेही नोंदली गेली नसती. ऑगस्टमध्ये ताई नमुन्याच्या पत्रांचा गठ्ठा चाळत होत्या, तेव्हा 'प्रति,' नंतर कोरी जागा असलेले पत्र त्यांच्या हाती लागले. नल वगळून जोडणारे फंक्शन वापरून ते दुरुस्त झाले. याचीच उलटी बाजू, म्हणजे नव्या नोंदींत मधले नाव नल ऐवजी रिकामा मजकूर म्हणून येणार आणि जुन्या तपासण्या त्यांना ओळखणार नाहीत, हीसुद्धा त्यांनी त्याच आठवड्यात शोधली.

हिशेब

सप्टेंबरअखेरपर्यंतच्या अकरा आठवड्यांत २२ बैठका ठरल्या होत्या, त्यांतल्या १५ झाल्या. उरलेल्या सातांपैकी दोन महिनाअखेरीला गेल्या, एक स्टोरेजच्या बिघाडात, एक पावसाने गाड्या ठप्प झाल्या त्या दिवशी. गणपतीत अर्धा गट कोकणात होता, तेव्हा दोन गेल्या. सातवी मी रद्द केली, एका सादरीकरणासाठी ताई हव्या होत्या म्हणून. ती टाळता आली असती. बुडालेली बैठक पुढे भरून काढायची नाही, असे आम्ही ठरवले होते. भरपाईचा नियम केला असता तर ती पुन्हा शनिवारवर आणि घरच्या वेळेवरच जाऊन पडली असती.

दिवाळीनंतरचे स्थलांतर ठरल्या रात्री पार पडले. पण सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात एक मोठे टेबल फुगत चालल्याचे दिसले. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, चालू होता, तरी जागा सुटत नव्हती. एका रिपोर्टच्या साधनाने ट्रान्झॅक्शन उघडून तसेच सोडून दिले होते आणि ते उघडे असेपर्यंत जुन्या ओळी काढता येत नव्हत्या. कारण सापडायला दोन दिवस आणि बाहेरच्या एका सल्लागाराची मदत लागली. पंधरा बैठकांत आम्ही याला हातही लावला नव्हता. मागे वळून पाहता त्याचे कारण दिसते: शिकायच्या विषयांची यादी ताईंनी आणि मी मिळून केली होती, आणि ती आमच्या ओरॅकलमधल्या धास्तींतून आली होती. तिथे फार लांबलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली विचारणा, ०१५५५ क्रमांकाची चूक देऊन स्वतःच पडते, म्हणजे दुखते ते रिपोर्टवाल्याचे. पोस्टग्रेस रिपोर्टला निवांत चालू देतो आणि टेबल फुगत राहते. जे दुखणे आपल्याला कधी झालेच नाही ते यादीत कसे येणार? दुसऱ्या स्थलांतराची यादी आम्ही बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतली.

तीन महिन्यांची मुदत संपल्यावर 'अ'चा रकाना टिकला, पण आक्रसला: आता तो फक्त गुरुवारी असतो. धाकट्यालाही तो हवा आहे आणि त्याचे म्हणणे वाजवी आहे, कारण ताईंच्या दीड तासाचे भाडे इतके दिवस त्यानेच भरले. ताई त्याला म्हणाल्या, "अरे, तू बस मंगळवारी, फोन मी धरते." कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात पाच जणांच्या गटात दोघे दरमहा रात्रपाळीला असतात आणि एक बहुधा रजेवर, त्यामुळे मंगळवारचा रकाना आजवर तीनदाच भरला गेला आहे. सहाव्या माणसाची मागणी वर पाठवली आहे.

एक हिशेब मात्र जुळला नाही. पंधरा बैठकांचे साडेबावीस तास पोर्टलवर कुठेही दिसत नाहीत, कारण त्यांत व्हिडिओ नव्हता आणि पोर्टल फक्त व्हिडिओ मोजते. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ताईंच्या नावापुढे ४० पैकी ३१ तास होते आणि तो रकाना लाल होता. मी एचआरला पत्र लिहिले, लॉग जोडले, स्थलांतराचा अहवाल जोडला. उत्तर आले की, भावना समजते, परंतु प्रणालीत तशी तरतूद नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, वर्षअखेरच्या बॅच चालू असताना, ताईंनी उरलेले नऊ तासांचे व्हिडिओ आवाज बंद करून दुसऱ्या पडद्यावर लावून ठेवले. मी शेजारून दोनदा गेलो आणि काही बोललो नाही. एकतीस तारखेला रकाना हिरवा झाला.